दोन घटका आणि एक फळा

खगोलशास्त्राची ओढ असलेल्या मुलास प्रथम कोणते मराठी पुस्तक द्यावे, असे कोणी विचारले की बहुतेकांच्या ओठी डॉ. जयंत नारळीकरांचे नाव येते, आणि ते स्वाभाविकच आहे. 2025च्या मे महिन्यात ते निवर्तल्यानंतर आम्ही त्यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ पुन्हा वाचावयास घेतले. त्यासोबत शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे एकोणिसाव्या शतकातील ‘ज्योतिर्विलास’ही काढले. ही दोन पुस्तके आकाशाकडे जाणाऱ्या दोन निरनिराळ्या वाटा दाखवितात, आणि आपल्या घरांतून नेमकी यांचीच गल्लत होते.

नारळीकरांच्या आत्मचरित्रास 2014 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. बनारसच्या मराठी घरातील त्यांचे बालपण आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या वाचकांस विशेष जवळचे वाटते. परंतु त्या भागातून मनावर ठसते ती दुर्बीण नव्हे, ठसतो तो घरातील फळा. मामा त्यावर गणिताचे आव्हान लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसले जात नसे. पुढे केंब्रिज, हॉईल यांचे मार्गदर्शन, मुंबईची टाटा संस्था आणि 1988 साली पुण्यात उभी राहिलेली ‘आयुका’ हा सारा प्रवास त्या फळ्यापासूनच सुरू होतो. लेखकाची संयत शैली हा या ग्रंथाचा गुण खरा. पण तिच्यामुळे कष्टांची धग झाकली जाते आणि यशामागून यश सहज आल्याचा भास होतो, अशी आमची तक्रार आहे. मुलास हौसेने महागडी दुर्बीण आणून देणाऱ्या व गणिताच्या गुणांकडे काणाडोळा करणाऱ्या पालकांनी तरी हा भाग सावकाश वाचावा. या शास्त्रात पोटापाण्याचा व्यवसाय करावयाचा तर गणित, पदार्थविज्ञानातील पदवी, पदव्युत्तर परीक्षा व नंतर काही वर्षांचे संशोधन यांतून जावे लागते. आजचे काम संगणकाच्या पडद्यावरच अधिक चालते, हेही सांगून ठेवलेले बरे.

दीक्षितांची वाट वेगळी. त्यांच्या पुस्तकाचे जोडनाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. या नावातच एक व्यवहारज्ञान आहे, असे आम्हांस वाटते. दोन घटका म्हणजे 48 मिनिटे. डोळे अंधारास पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणजे निम्मा वेळ डोळ्यांस, निम्मा ताऱ्यांस! पाच मिनिटांत गच्चीवरून खाली येऊन ‘काही दिसत नाही’ म्हणणाऱ्यांना याहून नेमके उत्तर नाही. अर्थात शास्त्र म्हणून हे पुस्तक आज पुरेसे नाही. दीक्षित 1898 साली गेले. देवयानीतील तेजोमेघ ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे 1920च्या दशकात सिद्ध झाले. आकाश मात्र तेच आहे. आम्हां माळव्यातील मंडळींस तर उज्जैनला जयसिंहाची यंत्रे हाकेच्या अंतरावर आहेत, आणि त्यांत एकही भिंग नाही.

दीक्षितांकडून घेण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे नावे. आपल्या नातवंडांस ‘ओरायन’ ठाऊक असते. मृग मात्र पंचांगात आणि पावसाच्या गोष्टींतच उरला आहे. जानेवारीत रात्री आठच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, की मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण सहज सापडतो. ती रेषा क्षितिजाकडे वाढविली की व्याध. बाण, मृग आणि शिकारी ही गोष्ट मराठी नावांतच उलगडते, इंग्रजी नावांत तिचा मागमूस राहत नाही. एवढे जमले की मग साधी द्विनेत्री आणावी. गुरू आकाशात असेल तेव्हा ती कठड्यावर टेकवून धरल्यास त्याचे चार चंद्रही दिसतात. दुर्बिणीचा विचार त्यानंतर.