रिकाम्या जागेतील समाधी : नवअभिजातवादी मुद्राचित्रांतील शोकप्रतीके

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोपीय नवअभिजातवादी मुद्राचित्रांत चौथऱ्यावरील रक्षाकलश, त्यावर झुकलेला विलो वृक्ष आणि शेजारी शोकमग्न स्त्री हा प्रतीकसमूह वारंवार आढळतो. या पुनरावृत्तीमुळे ही चित्रे सांकेतिक व भावशून्य ठरतात, असा आक्षेप घेता येतो. प्रस्तुत लेखात त्या आक्षेपाचा पुनर्विचार केला आहे.

रक्षाकलश हे मूलतः प्राचीन दहनसंस्काराचे चिन्ह होय. मृतांचे दफन करणाऱ्या ख्रिस्ती समाजाने ते स्वीकारले तेव्हा त्यात रक्षा नव्हती. उरली ती स्मरणाची खूण. तरीही, एर्मेनोंव्हील येथील पॉपलर वृक्षांच्या बेटावर १७७८ मध्ये रूसोचे दफन झाले आणि त्या स्थळाची मुद्राचित्रे निघाली, तेव्हा प्रतिमेमागे निदान खरी समाधी होती.

१७९३ मध्ये हा आधारही नाहीसा झाला. २१ जानेवारीला सोळावा लुई आणि १६ ऑक्टोबरला राणी मारी आंत्वानेत यांचा गिलोटिनने शिरच्छेद झाला. पॅरिसच्या मादलेन दफनभूमीत त्यांना स्मारकाविना पुरण्यात आले. त्याच वर्षी सॅं-दनी येथील राजघराण्याच्या कबरीही उघडण्यात आल्या. अशा काळात ‘गूढ कलश’ या प्रकारची मुद्राचित्रे प्रसृत झाली. वरवर पाहता त्यांत नेहमीचाच कलश आणि नेहमीचाच विलो दिसतो. परंतु कलशाच्या दोन्ही कडांलगतची मोकळी जागा निरखली की राजा व राणी यांच्या मुखाकृती प्रकट होतात. फांद्यांमध्ये त्यांच्या मुलांच्याही आकृती दडलेल्या असतात.

येथे प्रतीकांचा सांकेतिकपणाच कलावंताच्या उपयोगी पडला आहे. चित्र चारचौघांसारखे नसते, तर ते तत्काळ संशयास्पद ठरले असते. अर्थ रेषेत नसून रेषेने वगळलेल्या जागेत आहे. ज्यांना समाधी नाकारली गेली, त्यांना अभावाच्याच रूपाने साकारणे ही या रचनेची खरी कलात्मक सिद्धी होय.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. आकृती एकदा सापडल्या की शोकाची जागा कोडे सुटल्याचा आनंद घेऊ लागतो. शिवाय राजसत्तेच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न कौटुंबिक करुणेआड झाकला जातो. १८१५ मध्ये राजदांपत्याचे अवशेष सॅं-दनी येथे समारंभपूर्वक हलविले गेले. शोक उघडपणे करता येऊ लागला, तेव्हा त्या रिकाम्या जागेतील धोका संपला आणि तिची अर्थघनताही ओसरली. म्हणूनच शोकप्रतीकांचे मूल्य त्यांच्या नावीन्यावरून नव्हे, तर त्यांनी कोणते मौन सांभाळले यावरून ठरविणे अधिक न्याय्य होईल.