भीतीला वेळ द्यावा लागतो

ग्लासगोच्या ‘ट्रॅमवे’ कलाकेंद्रात १९९३ साली डग्लस गॉर्डननं हिचकॉकचा ‘सायको’ दाखवला, तो सेकंदाला चोवीसऐवजी जेमतेम दोन चौकटींच्या गतीनं आणि आवाज पूर्ण बंद ठेवून. १०९ मिनिटांचा सिनेमा चोवीस तास चालला. मूळ सिनेमात स्नानगृहातला खून पाऊण मिनिटात उरकतो. इथे त्याला नऊ-दहा मिनिटं लागतात. सुरा वर जातो आणि तिथेच थबकल्यासारखा वाटतो. हा प्रसंग सगळ्या जगाला पाठ आहे, तरी पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. काय होणार हे ठाऊक असतं; कधी होणार, एवढंच उरतं आणि तेवढं पुरतं.

भयपटांबद्दल बोलताना मला ‘२४ अवर सायको’ आधी आठवतो, कारण भीतीचा कारखाना त्यात उघडा पडलेला दिसतो. भूत, रक्त, पडका वाडा हा सगळा कच्चा माल. खरं काम चालतं ते प्रेक्षकाला ताटकळत ठेवण्याचं. आजच्या बहुसंख्य भयपटांचं दुखणं हेच आहे, की त्यांना थांबायला जमत नाही.

दचकवण्याची युक्ती जुनी आहे आणि ती मुळात वाईटही नाही. जाक तुर्नरच्या ‘कॅट पीपल’मध्ये (१९४२) एक बाई रात्री निर्जन रस्त्यानं चाललेली असते. मागून पावलं वाजतात, मग वाजायची थांबतात. ती भराभर चालू लागते. आता झडप पडणार असं वाटत असतानाच फिस्स असा आवाज करत एक बस तिच्यापुढे येऊन उभी राहते. निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावानं पुढे ही क्लृप्ती ओळखली जाऊ लागली. पण त्या बसच्या आधीची पावलं, दिव्यांच्या उजेडाची वर्तुळं आणि मधला अंधार यांना तुर्नरनं जो वेळ दिला, तो नक्कल करणाऱ्यांनी वगळला आणि बस तेवढी ठेवली. जेम्स वॉनच्या ‘द कॉन्ज्युरिंग’मध्ये (२०१३) टाळ्यांच्या खेळाचा प्रसंग अजून संयमानं रचलेला आहे; त्याच मालिकेतल्या पुढच्या सिनेमांत मात्र शांतता पसरली, की पाठोपाठ दणका येणार हे प्रेक्षक आधीच ओळखतो आणि कानांवर हात ठेवून मोकळा होतो. अशा वेळी शरीर दचकतं, मन जागचं हलत नाही.

थांबण्याची कला मात्र दुसरीकडे जोपासली गेली. प्रायोगिक चित्रपट आणि व्हिडिओ कला यांना गोष्ट सांगायची घाई नव्हती. मायकल स्नोच्या ‘वेव्हलेंग्थ’मध्ये (१९६७) कॅमेरा न्यूयॉर्कमधल्या एका माळ्यावरच्या खोलीत पंचेचाळीस मिनिटं समोरच्या भिंतीवर झूम करत राहतो आणि सोबतीला एक सूर हळूहळू चढत जातो. मध्येच एक माणूस आत येतो आणि कोसळतो. कॅमेरा त्याच्याकडे वळत नाही. झूम चालूच राहतो, देह चौकटीच्या खाली राहून जातो, आणि आपण मात्र त्या न दिसणाऱ्या देहाचाच विचार करत बसतो. एखाद्या खुनाच्या सिनेमात प्रेताकडे पाठ फिरवण्याचं असं धैर्य क्वचितच दिसतं.

गॅरी हिलच्या ‘टॉल शिप्स’मध्ये (१९९२, कासेलचं ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शन) तर पडदाच नाही. प्रेक्षक एका लांबलचक काळोख्या बोळात शिरतो. दोन्ही बाजूंना दूरवर धूसर माणसं बसलेली किंवा उभी असतात. आपण जवळ गेलो की त्यांतलं एखादं उठतं, आपल्या दिशेनं चालत येतं, पुरत्या उंचीचं होऊन समोर उभं राहतं आणि बघत राहतं. बोलत नाही, काही करत नाही, आणि थोड्या वेळानं परत फिरतं. इजा होण्याची शक्यता शून्य, तरी पावलं अडखळतात.

असं असूनही मला व्हिडिओ कलेबद्दल एक तक्रार आहे. कलादालनाचं दार उघडं असतं. ब्रूस नाउमनच्या ‘क्लाउन टॉर्चर’मधला (१९८७) विदूषक एकाच वेळी अनेक पडद्यांवर ओरडत, लोळत असतो, ते असह्य आहे, आणि असह्य झालं की माणूस पुढच्या दालनात निघून जातो. ‘२४ अवर सायको’ही बहुतेक जण काही मिनिटंच पाहतात. प्रेक्षक सुटू शकत असेल तर ताण टिकत नाही. सिनेमागृहाकडे खुर्ची आणि काळोख आहे, दालनाकडे धीर आहे. गेल्या तीन दशकांत खरी भीती तयार झाली ती या दोन्ही गोष्टी एका हाती घेणाऱ्यांकडूनच.

त्यांत मी सर्वांत वर ठेवतो पीटर चेर्कास्कीचा ‘आउटर स्पेस’ (१९९९). जेमतेम दहा मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट. त्याचं मूळ साहित्य म्हणजे सिडनी फ्युरीचा ‘द एन्टिटी’ (१९८२), ज्यात बार्बरा हर्शीनं रंगवलेल्या स्त्रीवर एक अदृश्य शक्ती हल्ले करते. चेर्कास्कीनं कॅमेरा वापरलाच नाही. अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मवर जुनी फिल्म ठेवून, बारीक प्रकाशझोतानं एकेक चौकट, आणि चौकटीतलेही हवे तेवढेच तुकडे, त्यानं हातानं छापले. सुरुवातीला रात्रीचं घर, दाराकडे जाणारी बाई, पाजळत-विझत असलेला उजेड. ती आत शिरते आणि प्रतिमा फाटू लागते. तिचा चेहरा दोन ठिकाणी, मग चार ठिकाणी दिसतो, काचा फुटतात, आणि फिल्मच्या कडेची जी भोकं प्रेक्षकाला कधीच दिसू नयेत, ती चौकटीत घुसतात. त्यांच्यामागोमाग ध्वनिपट्टीच्या वेड्यावाकड्या रेषा येतात आणि खरखर, फटके असा आवाज करत तिच्यावर तुटून पडतात. मूळ सिनेमात हल्लेखोर दिसत नव्हता. इथे तो दिसतो, आणि तो म्हणजे सिनेमाच असतो. एका बाईला घाबरवून पैसे मिळवणारं हे यंत्र कसलं आहे, हा प्रश्न इतक्या थेटपणे कुठल्या भयपटानं विचारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मार्टिन आर्नोल्डनं ‘डीॲनिमेटेड’मध्ये (२००२) बेला लुगोसीच्या एका जुन्या सिनेमातून नटच संगणकानं पुसून टाकत नेले, रिकाम्या खोल्यांतून फिरणारा कॅमेरा कुणाला शोधतोय हे कळेनासं होतं. कल्पना सुरेख आहे, पण ‘आउटर स्पेस’सारखी ती अंगावर येत नाही.

जपाननं हेच उलट्या दिशेनं साधलं. हिदेओ नाकाताच्या ‘रिंग’मधली (१९९८) शापित टेप हा खरं तर एक छोटा प्रायोगिक चित्रपट आहे: आरशासमोर केस विंचरणारी बाई, वळवळणारी अक्षरं, डोक्यावर कापड घेऊन बोट दाखवणारा माणूस, विहीर. त्यात कथा नाही, आणि म्हणूनच सिनेमाभर ती डोक्यातून जात नाही. शेवटी सादाको दूरचित्रवाणी संचातून बाहेर येते तेव्हा तिची चाल विचित्र दिसते, कारण नटीला उलटं चालवून ते चित्रण उलटं फिरवलेलं आहे. कियोशी कुरोसावाच्या ‘काइरो’मध्ये (२००१) बंद खोलीतली एक बाई समोरच्या माणसाकडे चालत येते. संथपणे. मध्येच तिचा तोल जातो, शरीर भलत्याच कोनात वाकतं, ती सावरते आणि पुन्हा चालू लागते. कुरोसावा दृश्य तोडत नाही, दणका देत नाही, तिला पोचायला लागेल तेवढा वेळ देतो. ते अडखळणं मी विसरू शकत नाही.

अलीकडचं उदाहरण कॅनडाच्या काइल एडवर्ड बॉलच्या ‘स्किनामारिंक’चं (२०२२). सुमारे पंधरा हजार डॉलरांत, स्वतःच्या बालपणीच्या घरात केलेला हा सिनेमा. रात्री दोन मुलं उठतात, बाप नाहीसा झालाय, मग दारं-खिडक्याही नाहीशा होतात. कॅमेरा मुलांकडे फारसा पाहतच नाही. छताचा कोपरा, गालिचा, व्यंगचित्रांचा निळा उजेड पाहत राहतो. दाणेदार अंधारात आपणच आकार शोधू लागतो. पण खेळण्यातल्या फोनचा तो एक किंचाळता धक्का बॉलनं घालायला नको होता. आपल्याच पद्धतीवरचा त्याचा विश्वास तेवढ्यापुरता डळमळला आहे.

आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथांतून वाचकाला ताटकळत ठेवायचं कसब दोन-तीन पिढ्यांना शिकवलं, पण मराठी पडद्यानं बराच काळ भूत विनोदाला जुंपलं. विशाल फुरियाच्या ‘लपाछपी’नं ही सवय मोडली. त्यातली गरोदर नायिका उसाच्या फडात वाट शोधते तेव्हा भर दिवसाही हातभरापलीकडचं दिसत नाही. पातं सळसळलं की कान टवकारतात. फडाची ही भीती अस्सल इथली आहे. राही अनिल बर्वेचा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदी असला तरी मातीनं कोकणातला. त्यात पिठाचं रिंगण आणि कणकेची बाहुली यांचे नियम आपल्याला आधीच पक्के कळलेले असतात. त्यामुळे मुलगा अनेक बाहुल्या न्यायची हुशारी सुचवतो, तेव्हाच प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. प्रेक्षकाला बॉम्ब आधी दाखवा, म्हणजे ताण वाढतो, हा हिचकॉकचा सल्ला बर्वेनं पुरेपूर पचवलेला आहे.

आणि मग दिवे लागतात, कारण मध्यंतर झालेलं असतं. तासभर जमवलेला ताण दहा मिनिटांत सांडतो आणि उत्तरार्धाला पुन्हा शून्यातून चढावं लागतं. दिग्दर्शकांनी कितीही शिकलं तरी ही एक सवय त्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवते. निदान भयपटांपुरतं मध्यंतर बंद व्हायला हवं, यावर मी ठाम आहे.

पुण्या-मुंबईतल्या आणि गावोगावच्या फिल्म सोसायट्यांना एक विनंती. पुढच्या वेळी एखादा भयपट लावाल तेव्हा त्याआधी ‘आउटर स्पेस’ची दहा मिनिटं दाखवा, मोठ्या पडद्यावर, पूर्ण काळोखात, आवाज कमी न करता. मोबाइल दाराशी जमा करून घ्या, आणि मध्ये दिवे लावू नका.