शिकारवृत्तांतांतील लांब पल्ला

शिकारीच्या आठवणींचे इंग्रजी ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासाचें साधन म्हणून वारंवार वापरले जातात. त्यांतील वनांचीं, गांवांचीं व पशूंचीं वर्णनें संशोधक उतरून घेतात; परंतु एका विधानाची चिकित्सा व्हावी तितकी होत नाहीं. तें विधान म्हणजे पल्ल्याचें. अमुक काळवीट 300 यार्डांवरून एका बारांत पाडला, असें लेखक लिहितो व वाचक तें खरें मानतो. तें अंतर मोजलें कोणीं, आणि त्या दिवशीं गोळी लागूनही न पडलेल्या हरणांचें काय झालें, हे दोन प्रश्न आम्हांस येथें विचारावयाचे आहेत.

हिंगोलीचा मुलूख ह्या विचारास सोयीचा आहे. 1903 सालीं हैदराबाद कंटिंजंट ही फौज हिंदी सैन्यांत मिळविली गेली. तोंपर्यंत हिंगोली हें तिचें एक ठाणें होतें. कयाधूच्या दोन्ही अंगांस काळी, मोकळी जमीन आहे. पिकें निघालीं म्हणजे तेथें हरणांचा कळप दुरून दिसतो, आणि आडोसा नसल्यामुळें तो माणसास जवळ येऊं देत नाहीं. अशा ठिकाणीं लांबून बार टाकण्याचा मोह शिकाऱ्यास व्हावा हें स्वाभाविक होय.

ह्या मोहाचा शास्त्रीय विचार करणारा लेखक म्हणजे कॅप्टन जेम्स फॉर्सिथ. ‘दि हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (1871) ह्या ग्रंथामुळें त्याचें नांव प्रसिद्ध आहे. परंतु आमच्या विषयास त्यापूर्वींचें ‘दि स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हें पुस्तक अधिक उपयोगी. जनावर किती दूर आहे याचा अदमास रानांत नेहमीं चुकतो, हें तो ओळखतो. म्हणून शिकारीच्या नेहमींच्या पल्ल्यांत, म्हणजे सुमारें 150 यार्डांच्या आंत, जिची गोळी जवळजवळ सरळ जाईल अशी बंदूक तो मागतो. त्यासाठीं त्यानें पुरस्कारिलेली गोल गोळी व दारूचा मोठा भार हीं पुढें मागें पडलीं, व तें योग्यच झालें; कारण गोल गोळीचा वेग लवकर ओसरतो. परंतु पल्ल्याची मर्यादा आधीं ठरवावी व बंदूक मागाहून, हा त्याचा क्रम आजही निर्दोष आहे.

त्याचें म्हणणें साध्या गणितानें पटतें. त्या काळच्या लष्करी रायफलीची गोळी सेकंदास सुमारें 900 फूट वेगानें निघे. काळवीट 250 यार्डांवर आहे असें समजून नेम धरला आणि तो प्रत्यक्षांत 300 यार्डांवर असला, तर गोळी सुमारें तीन फूट खालीं पडते. काळविटाची खांद्यापाशीं उंची अडीच फुटांच्या आसपास. म्हणजे गोळी एक तर मातींत जाणार, नाहीं तर पाय मोडणार. तोच पल्ला पावलांनीं मोजून यार्ड म्हणून लिहिला असला, तर त्या आंकड्यास पुरावा म्हणणें धाडसाचें होय. ह्या आठवणींत पडलेल्या शिंगांची लांबी इंचांत सांपडते. तीन पायांवर पळालेल्या जनावरांची नोंद क्वचितच. ज्या वहींत जमा तेवढी लिहिली आहे, तिच्यावरून व्यवहार ठरवितां येत नाहीं.

आपल्या ग्रंथकारांस हा दोष अपरिचित नव्हता. दशरथानें न पाहतां केवळ शब्दावरून बाण सोडला व श्रवणाचा घात केला. पांडूनें मैथुनांत असलेल्या मृगास मारिलें व शाप घेतला. एका कथेंत लक्ष्य ओळखण्याचा नियम आहे, दुसरींत काळवेळ पाळण्याचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासां’त, शके 1051 च्या सुमारास, मृगयेचें सविस्तर प्रकरण आहे. माणसाळविलेलीं हरणें, कुत्रे, चित्ते अशीं त्यांतील साधनें पाहिलीं, तर त्या विद्येचा भर जनावराशीं जवळीक साधण्यावर दिसतो. ती विद्या दयाळू होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती दुरून चालत नव्हती.

कौटिल्यानें मृगयेस व्यसनांत गणूनही तिचे गुण सांगितले आहेत: व्यायाम, चल व स्थिर लक्ष्याचा अभ्यास, आणि जनावरांच्या चित्ताचें ज्ञान. आतां आजच्या रायफलीकडे पाहावें. अंतर मोजणाऱ्या यंत्रानें फॉर्सिथची मुख्य अडचण दूर केली. तथापि ताशीं दहा मैलांचा आडवा वारा 400 यार्डांवर गोळीस सुमारें एक फूट ढकलतो. 600 यार्ड जाण्यास तिला पाऊण सेकंदाहून अधिक वेळ लागतो, व तेवढ्यांत चरणारें हरिण एक पाऊल टाकतें. चुकलेली गोळी तेथें थांबत नाहीं. मैलभर पलीकडे कोणाचें तरी शेत असतें. कौटिल्याच्या गुणांपैकीं अशा बारांत केवळ लक्ष्यवेध उरतो, आणि त्याचा अभ्यास लांकडी फळीवरही होतो. अमेरिकेंतील बून अँड क्रॉकेट क्लबानेंही, किती दूरवर मारतां येतें हें जिवंत जनावरावर अजमावणें ही शिकार नव्हे, असेंच मत दिलें आहे.

हा वाद केवळ ग्रंथांतला नाहीं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाची शिकार बंद झाली. पण पिकें नासणाऱ्या रोही व रानडुकरांस परवान्यानें मारण्याची तरतूद महाराष्ट्रांत आहे. रात्र रात्र जागणाऱ्या शेतकऱ्याचा त्रास आम्ही लहान मानीत नाहीं. म्हणूनच परवाना घेणाऱ्याची तयारी कोणती, हें स्पष्ट सांगणें अवश्य आहे: मोजलेल्या अंतरावर बंदुकीची माशी तपासणें, बसून व उभ्यानें सराव करणें, जनावराच्या मागें काय आहे तें पाहणें, आणि गोळी लागल्यावर रक्ताचा माग शेवटपर्यंत काढणें. दहांपैकीं दहा गोळ्या ज्या अंतरावर वीतभर वर्तुळांत पडतात, तोच त्या माणसाचा पल्ला. बंदुकीचा पल्ला कितीही असो.

संशोधकांसही हाच नियम लागू आहे. शिकारवृत्तांतांतील पल्ला उतरून घेतांना तो मोजला कसा, हें शेजारीं लिहावें; आणि तें कळत नसेल, तर आंकडा सोडून द्यावा.