छोटे सिलिंडर आणि हरवलेला वजनकाटा

अकोल्यात शिकायला येऊन खोली करून राहणारी मुले पुष्कळदा लहानशा सिलिंडरवर स्वयंपाक करतात. हातात धरून नेता येईल एवढे ते असते. त्यांतला एक प्रकार तेल कंपन्यांचा. ५ किलोचा हा सिलिंडर ऑक्टोबर २०१३ पासून निवडक पेट्रोल पंपांवर, पत्त्याचा पुरावा न मागता मिळू लागला. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने त्याचे 'छोटू' असे बारसे केले. दुसरा प्रकार साध्या दुकानातून घेतलेला, आणि मोठ्या घरगुती सिलिंडरमधून गुपचूप भरून दिला जाणारा. आमची टीका दोघांवरही आहे, पण सारखी नाही.

आधी वर्गातली एक चूक दुरुस्त करू. सिलिंडरमध्ये 'खूप दाबाखाली वायू भरलेला असतो' असे आपण सांगून मोकळे होतो. खरे तर आत बहुतांश द्रवच असतो. हा द्रव म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. साध्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, तर ब्युटेन जेमतेम शून्याखाली. आतला दाब या द्रवाच्या वाफेचा असतो. म्हणून तो तापमानावर आणि मिश्रणावर ठरतो, सिलिंडर किती भरला आहे यावर नाही. निम्मा सिलिंडर आणि पाऊण सिलिंडर यांचा दाब जवळपास सारखाच! त्यामुळे दाब पाहून भरणाऱ्याला 'आता पुरे' हे कळत नाही.

ते कळते फक्त वजनाने. एक हिशोब मुलांकडून करवून घ्यावा. ५ किलोच्या सिलिंडरची धारणक्षमता सुमारे १२ लिटर. या द्रवाची घनता लिटरला साधारण ०.५४ किलो धरली, तर ५ किलो द्रव सव्वानऊ लिटर जागा घेतो. उरलेली जागा वाया गेलेली नाही, ती मुद्दाम ठेवलेली आहे. हा द्रव अंशामागे सुमारे पाव टक्का प्रसरण पावतो, म्हणजे पाण्याच्या कितीतरी पट. आता कोणी काट्याशिवाय सव्वासहा किलो भरला असे समजा. २५ अंशाला तो साडेअकरा लिटर व्यापील. तापमान ४५ अंशांवर गेले की बारा लिटरही पुरणार नाहीत. अकोल्याच्या मे महिन्याला ४५ अंश नवखे नाहीत, पत्र्याच्या खोलीचे तर विचारूच नका. वाफेसाठी जागा उरली नाही की दाब वाफेचा राहत नाही. द्रव सहसा दबत नसल्याने पुढच्या प्रत्येक अंशाला तो कित्येक वातावरणांनी चढतो. सव्वा किलो जास्त भरणारा दुकानदार गिऱ्हाइकाला उदारच वाटत असेल!

अमेरिकेत बार्बेक्यूच्या आकाराच्या सिलिंडरांना १९९८ पासून जादा भरणे रोखणारा तरंगता झडपबंद सक्तीचा आहे. आपल्याकडचे घरगुती सिलिंडर कारखान्यात काट्यावर भरले जातात, म्हणून अशा झडपेची गरज मानली गेली नाही. कारखान्यापुरते हे ठीक आहे. पण काटा काढून घेतला की आपल्या रचनेत दुसरा पहारेकरी नाही. चोरून भरण्याच्या बातम्यांत काळाबाजार आणि जप्त मालाची किंमत येते, हा मुद्दा येत नाही.

मग मुले 'छोटू' का घेत नाहीत? त्याचा दर व्यावसायिक गॅसच्या हिशोबाने असतो. ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे, त्याला किलोमागे सर्वांत महाग गॅस. शिवाय तो एकदम ५ किलोचा घ्यावा लागतो. दुकानदार किलोभरही देतो. कंपन्यांनी २ किलोचेही सिलिंडर काढले आहेत, पण लाडकी नावे ठेवण्यात दाखवलेला उत्साह ते कोपऱ्याकोपऱ्यावर पोचवण्यात दिसत नाही.

एकदाच वापरून फेकायचे लहान सिलिंडर मात्र आपल्याकडे रुजले नाहीत, हे बरेच झाले. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून एक पौंडाच्या अशा सिलिंडरांची विक्री २०२८ पासून थांबवायचे ठरवले आहे. पुन्हा भरता येणारे भांडे हीच चांगली कल्पना, पण भरणाऱ्याच्या हाताशी काटा हवा.

वर्गात कंपनीचा रिकामा सिलिंडर आणता आला तर त्याच्या कड्याजवळच्या पट्ट्या वाचायला लावा. रिकामे वजन तिथे कोरलेले असते. बी-२७ असे काही दिसले तर एप्रिल ते जून २०२७ ही पुढच्या चाचणीची मुदत. मग मुलांना आपापल्या खोलीवरच्या सिलिंडरवर हेच शोधायला सांगा.