पास कुणाचा, गाणं कुणाचं?

बदलापुरात किंवा नालासोपाऱ्यात तिघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या आणि रोज मुंबईत नोकरीला येणाऱ्या कुणालाही विचारा, गाणं समोर बसून ऐकतोस का? उत्तर बहुधा तिकिटापाशीच अडतं. जानेवारी २०२५मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले आला तेव्हा तिकिटं २,५०० रुपयांपासून होती आणि लाउंजचं तिकीट ३५,००० रुपयांचं. आकडा बघायचा, रील बघायची, झोपायचं.

पण ह्या शहरात फुकट किंवा दोन वडापाव आणि एका चहाच्या पैशांत ऐकायला मिळणारं गाणं काही कमी नाही. प्रश्न वेगळाच आहे. फुकटच्या गाण्याचेही पैसे कुणीतरी भरलेले असतात, आणि ज्यानं भरले त्याची आवड, त्याची घाई आणि त्याचा फलक त्या गाण्यात उतरतो. आपल्याकडचे समीक्षक राग, बंदिश, घराणं, साथ ह्यांवर लिहितात. प्रवेशिकेच्या तळाशी कुणाचं नाव छापलंय ह्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. कमी पैशांत ऐकणाऱ्याला ते नाव आधी वाचावं लागतं.

दिवाळी पहाट घ्या. ठाणे, डोंबिवली, पार्ले, दादर, सगळीकडे पहाटे साडेपाचला मांडव भरलेला असतो. पास बहुतेकदा स्थानिक नेत्याच्या कार्यालयात मिळतात. पुढच्या रांगांत सोफे, त्यांच्यावर पांढऱ्या चिठ्ठ्या. निवेदक बोलतो, मग बरंच बोलतो. दोन अभंग, तीन नाट्यगीतं, भावगीतं, एखादं हिंदी गाणं, मध्येच कुणाचं तरी आगमन, मग शाल-श्रीफळ, आणि गायिका तोवर तानपुऱ्यावर हात ठेवून हसऱ्या चेहऱ्यानं बसलेली. गेल्या दहा वर्षांतल्या दहा दिवाळी पहाटांचे कार्यक्रम शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कुठल्या वर्षीचा हे सांगता येऊ नये. गाणारे काही कच्चे नसतात. त्यांना जे येतं त्याच्या पाव हिस्साच त्यांच्याकडून मागितला जातो, कारण पैसे देणाऱ्याला कुणीही उठून जाऊ नये एवढंच हवं असतं. उठून जायची शक्यताच नसलेलं गाणं हळूहळू पार्श्वसंगीत होतं.

तरीही दिवाळी पहाटेला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. तबल्यावरची थाप अंगावर येते म्हणजे काय, हे अनेकांना पहिल्यांदा अशाच मांडवात कळलेलं असतं. तक्रार आहे ती ओळख तिथेच थांबण्याबद्दल.

गिरगावातला जुना गणेशोत्सव आठवणारे लोक सांगतात की मोठमोठे गवई वाडीतल्या मांडवात, रस्त्यावर बसलेल्या लोकांसमोर ख्याल गायचे. हे सांगताना सूर नेहमी ‘ती माणसंच वेगळी’ असा लागतो. मला त्यात वर्गणीचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. वाडीतल्या बिऱ्हाडांनी आठ-आठ आणे काढायचे, कुणाला बोलवायचं ह्यावर गॅलरीत भांडायचं आणि मग त्याचंच गाणं सतरंजीवर बसून ऐकायचं. पैसे देणारा आणि ऐकणारा एकच माणूस होता. गाणं आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी नळावर तो बोलून दाखवायचा. आजच्या मांडवात ह्या दोन माणसांची ताटातूट झाली आहे.

दुसरा मालक घड्याळ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. बंद सभागृहाला हा नियम नाही, पण सभागृहाचं भाडं सत्रावर असतं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. मांडवाशेजारी तान्हं मूल झोपवून बघा म्हणजे कळेल. मात्र त्याचा परिणाम थेट गाण्यावर झाला. साडेसहाला दीपप्रज्वलन, दहाला राष्ट्रगीत, मध्ये तीन कलाकार आणि एक सत्कार. विलंबित ख्यालाला पंचवीस मिनिटं मिळाली तरी नशीब. दरबारी, अडाणा, मालकंस हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग साडेनऊला उरकले जातात, किंवा गायलेच जात नाहीत. त्यात अंधेरीला सहाला ऑफिस सुटणारा श्रोता दादरला पोचून खुर्चीत टेकेपर्यंत आठ वाजतात. मुख्य कलाकार रंगात येतो तेव्हा कर्जत-कसाऱ्याकडचे लोक मोबाइलवर गाडी बघायला लागतात. शेवटच्या भैरवीला सभागृहात उरतात ते चालत घरी जाऊ शकणारे, किंवा गाडी असलेले. भैरवी ऐकणं हा इथे पत्त्यावर ठरणारा हक्क आहे.

ह्या घड्याळातून पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही सुटलेला नाही. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली तो सुरू केला आणि कित्येक वर्षं तो रात्रभर चाले. आता तो दुपार-संध्याकाळचा झाला, फक्त शनिवारी बारापर्यंतची परवानगी मिळते. तरी मुंबईहून गाडी पकडून तिथे जाण्यात अर्थ आहे, आणि तो भारतीय बैठकीसाठी. खुर्च्या आणि सोफे महाग, पण खालची बैठक आजही त्या मानानं परवडणारी. तिथे तिकीट काढणाऱ्या माणसाला मत असतं. एखाद्यानं समेवर ढिलाई केली की पाचशे माणसं एकदम वेफर्सच्या स्टॉलकडे निघतात. कलाकाराला हे दिसतं. ही त्या गर्दीची दादच आहे, उलट्या बाजूनं दिलेली.

मुंबईत ह्याच नियमातून एक चांगली गोष्टही साधली गेली. पंचम निषाद ह्या संस्थेची ‘प्रातःस्वर’ मालिका प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराच्या आवारात, रविवारी सकाळी साडेसहाला, विनामूल्य भरत आली. ध्वनिक्षेपक सहाला सुटतो, मैफल साडेसहाला सुरू. ललत, भैरव, रामकली, तोडी असे संध्याकाळच्या कार्यक्रमांना पारखे झालेले राग त्यांच्या वेळेला आणि निवांत ऐकायला मिळाले. पहाटे उठायची तयारी हेच तिथलं तिकीट. सोफ्यावरच्या पाहुण्यांना ते परवडत नाही. फक्त घरी परतताना मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत गाडी पकडायची.

आणखी एक भ्रम काढून टाकावा असा आहे: मोठ्या सभागृहातलं स्वस्त तिकीट म्हणजे मोठ्या कलाकाराला कमी पैशांत ऐकणं. षण्मुखानंदात पावणेतीन हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत. सगळ्यात वरच्या बाल्कनीतून गायक अंगठ्याएवढा दिसतो आणि कानावर येतो तो भोंग्यानं ठरवलेला आवाज, त्यात तबला चढा. ख्यालातली बारीक गोष्ट, म्हणजे स्वर सोडताना घेतलेला श्वास किंवा तानपुऱ्यात मिसळून गेलेला षड्ज, तिथवर पोचत नाही. ऑर्केस्ट्रा असेल, कव्वाली असेल, तर जरूर बाल्कनीत जा, तिथली शिट्टी खालच्या टाळ्यांपेक्षा खरी असते. ख्यालासाठी मात्र नरिमन पॉइंटच्या एनसीपीएतलं लिटल थिएटर बघा. शंभराच्या वर थोड्या खुर्च्या, आणि तिथे होणारे काही कार्यक्रम विनामूल्य, आधी येईल त्याला जागा. नाव ऐकलेलं नसतं अशा तिशीतल्या गायकाला दहा फुटांवरून ऐकताना त्याची चूक आणि ती सावरणं दोन्ही दिसतं. त्या इमारतीत शिरताना चपलांकडे लक्ष जातं खरं. जाऊ द्यावं, दारावरचा माणूस चपला बघत नाही.

काळा घोडा महोत्सव १९९९पासून विनामूल्य आहे, पण तिथली गर्दी मूर्तीपुढे फोटो काढण्यातच इतकी दमते की मंचापर्यंत पोचताना तिचे कान संपलेले असतात. त्यापेक्षा बागेत किंवा समुद्राकाठी जमणारा रॅपवाल्या पोरांचा सायफर ऐकावा. सभागृह नाही, प्रायोजक नाही; एक छोटा स्पीकर, नाहीतर तोंडानं धरलेला ठेका. ओळ पडली तर गोल करून उभे असलेले लगेच हसतात. शब्द सगळ्यांचे चांगले असतात असं नाही, शिव्यांची भरती पुष्कळ. पण गिरगावच्या वाडीतला तो जुना हिशेब इथे पुन्हा जमलेला दिसतो: ऐकणारे तेच, गाणारे तेच, आणि खर्चही त्यांचाच.

सगळ्यात स्वस्त मैफल अजून लोकलमध्येच होते. सकाळच्या ठरावीक गाडीचा ठरावीक डबा, खांद्याच्या पिशवीतून निघालेले टाळ, डब्याच्या पत्र्यावर धरलेला ठेका, आणि आवाजात सर्दी असलेले बुवा. काही प्रवाशांना त्याचा त्रास होतो आणि त्यांची तक्रार खोटी नाही. नाइट करून घरी निघालेल्याला गजर नको असतो. पण बुवा कुणाच्याही वतीनं गात नाहीत. घाटकोपरला दोन टाळकरी उतरतात, दादरला आणखी तीन. अभंगाचं शेवटचं कडवं उरलेल्या चौघांना म्हणावं लागतं, आणि भायखळ्याच्या आत ते संपवायचं असतं म्हणून लय वाढते.