चांदमारीतून रानात

दिवाळी अंकात वाघाची शिकार ही एके काळी चिवड्यातल्या खोबऱ्याच्या कापासारखी ठरलेली असे. मचाण, उशिरा उगवणारा चंद्र, झाडाखाली बांधलेले रेडकू, वाळलेल्या पानांवर पडलेले पाऊल आणि मग अंधारात पेटलेले दोन डोळे! बार होई, डरकाळी उठे, आणि सकाळी हाकेकरी वाघाला बांबूवर टांगून वाजतगाजत गावात आणीत. या कथा मी पुष्कळ वाचल्या आणि आवडीने वाचल्या. परंतु त्यांतल्या बंदुकीविषयी मला कधीच काही कळले नाही. ती किती खरी मारते, तिची गोळी किती अंतरावर किती खाली जाते, लेखकाने जंगलात जाण्यापूर्वी तिच्यावर कितीदा हात बसवला होता, या साऱ्याविषयी मंडळी गप्प असतात. बंदूक तेथे देवघरातल्या शंखासारखी असते. वेळ आली की वाजते.

म्हणून कर्नल टाउनसेंड व्हेलन या अमेरिकन लेखकाकडे मी यंदा पुन्हा वळलो. मराठी वाचकाला हे नाव परके आहे. जन्म १८७७ मध्ये फिलाडेल्फियात, मृत्यू १९६१ मध्ये, आणि मधली सगळी वर्षे रायफलीच्या सहवासात. लष्करात गेल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते लष्करी संघातून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांत उतरले. दोनशे यार्डांवर माणसाएवढे लक्ष्य ठेवावे आणि यांनी फौजेतल्या साध्या स्प्रिंगफील्ड रायफलीने, दुर्बीण नसता, दहा सेकंदांत सहा गोळ्या त्यावर बसवाव्यात, अशी त्यांची ख्याती होती. पुढे फ्रँकफर्ड आणि स्प्रिंगफील्ड येथल्या सरकारी शस्त्रागारांत त्यांनी काडतुसे आणि रायफली यांवर संशोधनाचे काम पाहिले. १९३६ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यानंतर पाव शतक लिहीत राहिले. तशी लेखणी त्यांनी फार आधी हाती धरली होती. 'द अमेरिकन रायफल' हा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९१८ चा आणि 'द हंटिंग रायफल' १९४० चा. त्यांच्या नावाचे एक काडतूस आहे, पॉइंट थर्टी-फाइव्ह व्हेलन. आणि गंमत अशी की त्यांच्या नावाचा एक तंबूही आहे! पुढून सताड उघडा, मागे उतरता, समोर शेकोटी पेटवली की ऊब आत परतवणारा. बंदुकीच्या लेखकाचे नाव तंबूला मिळावे यातच माणसाचा अर्धा स्वभाव आला.

आता वाचक म्हणेल, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. मग शिकारी रायफलीवरची पुस्तके वाचायची कशाला? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, व्हेलन यांचा खरा विषय सावज नव्हेच. माणूस स्वतःला किती फसवतो, हा त्यांचा विषय आहे; आणि त्यावर अजून कोणी कायदा केलेला नाही.

चांदमारीच्या मैदानावर नेमबाजाला एक सवय लावतात. चाप ओढला की, गोळी कुठे लागली हे लक्ष्याकडे पाहण्यापूर्वीच त्याने सांगायचे. बार होताना माशी नेमकी कुठे होती हे त्याच्या डोळ्याने टिपलेले असले पाहिजे. 'जरा उजवीकडे, थोडी खाली,' असे तो म्हणतो, आणि मग लक्ष्य पाहिले जाते. सांगितले तिथेच भोक असेल तर नेम चुकला तरी माणूस खरा. भोक भलतीकडेच निघाले तर दोनच शक्यता: एक तर रायफल बिघडली आहे, नाही तर हा गृहस्थ चाप ओढताना डोळे मिटून घेतो. व्हेलन या शाळेत वाढले, आणि त्यांचे सारे गद्य याच सवयीतून आले आहे. आधी बोलायचे, मग पाहायचे, आणि दोन्हींत फरक पडला तर तो लिहायचा. शिकारी माणसाच्या गप्पांत नेमका उलटा क्रम असतो. सावज पडलेले पाहायचे, आणि मग आपण कुठे नेम धरला होता ते आठवायचे.

नेमकी नसलेली रायफल त्यांच्या दृष्टीने कुतूहलालाही पात्र नव्हती. हे त्यांचे मत अमेरिकेत इतके प्रसिद्ध आहे की बंदुका विकणारेही ते जपमाळेसारखे ओढतात. पण त्याचा अर्थ थोडा उलगडून पाहिला पाहिजे. वर्तुळाचे ३६० अंश, आणि एका अंशाचे साठ भाग केले की त्यातल्या एकाला मिनिट म्हणतात. शंभर यार्डांवर हे मिनिट एका इंचाहून किंचित मोठे होते, म्हणजे चांदीच्या जुन्या रुपयात मावेल एवढे. शंभर यार्ड म्हणजे क्रिकेटच्या साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक अंथरल्या तर होतील तेवढे अंतर. तेवढ्यावरून साऱ्या गोळ्या त्या रुपयाच्या आत पडल्या तर रायफल खरी म्हणायची.

पण हरणाच्या छातीतली मर्माची जागा तर आठ इंचांची असते! मग रुपयाचा हट्ट कशाला? चार इंचांत मारणारी रायफल नाही का चालणार? हा आक्षेप मला पहिल्या वाचनात बिनतोड वाटावा असा आहे, आणि व्हेलन यांच्यावरच्या टीकेचा गाभाही तोच आहे: चांदमारीतला माणूस रानातही कागदच शोधतो. मात्र हिशेब मांडून पाहावा. चार इंच रायफलीचे, चार इंच धापा टाकणाऱ्या छातीचे, दोन इंच वाऱ्याचे. आणि अंतर ओळखण्यात चूक झाली तर विचारूच नका. दोनशे यार्डांवर नेम बसवलेल्या थर्टी-ऑट-सिक्स रायफलीची गोळी तीनशे यार्डांवर आठनऊ इंच खाली उतरते. म्हणजे छातीवर धरलेला नेम पायावर जातो, आणि तीन पायांचे जनावर झुडपात शिरते. हाकेच्या, मचाणाच्या कथांत या तीन पायांच्या जनावराचे पुढे काय झाले हे क्वचितच येते. ज्याला रायफलीची चूक एका इंचात मोजता येते, त्याला उरलेली चूक कोणाची हेही कळते. व्हेलन यांनी शिकाऱ्याच्या हातून सबब काढून घेतली. ही साधी गोष्ट नव्हे.

यातून त्यांच्या पुस्तकांना एक विलक्षण घरगुती रूप येते. पावसाळ्यात आपल्याकडे दार फुगते, चौकटीत अडकते. तसा रायफलीचा लाकडी दस्ताही दमट हवेत फुगतो, नळीला रेटा देतो आणि नेम सरकतो. गार नळीतून सुटलेली पहिली गोळी आणि तापलेल्या नळीतली दहावी गोळी एकाच जागी जातीलच असे नाही; आणि रानात तर पहिलीच गोळी काय ती आपली असते. पट्टा दंडाला कसा आवळावा, बसून मारताना कोपर गुडघ्याच्या वाटीवर न टेकता जरा पुढे का टेकावे, घरातल्या भिंतीवर ठिपका काढून रिकाम्या रायफलीने चाप ओढण्याचा सराव कसा करावा! हे सारे वाचताना मला आमच्याकडच्या जुन्या पाकशास्त्राच्या पुस्तकांची आठवण होते. तीच काटेकोर मापे, तोच गृहीत धरलेला वाचकाचा आळस, आणि तीच मधूनमधून कानउघाडणी.

दोष पुष्कळ आहेत. मासिकांसाठी जन्मभर लिहिणाऱ्याची पुनरुक्ती येथे भरपूर आहे. आकड्यांची कोष्टके सुरू झाली की सामान्य वाचकाने सरळ पाने उलटावीत, मी उलटतो. विनोदाशी यांचे फारसे सख्य नाही. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की, या पुस्तकांत जनावर बरेचदा फक्त अंतर होऊन उभे राहते. दोनशे यार्ड, अडीचशे यार्ड. पण त्या दोनशे यार्डांच्या टोकाला काय चरत होते, ते मान कशी वळवते, कशाला भिते, हे मनात राहत नाही.

इथे जिम कॉर्बेट यांची आठवण अपरिहार्य आहे. त्यांचे नरभक्षकांवरचे पुस्तक १९४४ चे, आणि मराठी घरांत ते व्हेलन यांच्यापेक्षा शंभरपट ओळखीचे. चौगडच्या वाघिणीचा प्रसंग घ्या. १९३० साल. नाल्यातून उतरणाऱ्या कॉर्बेटच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी आहेत, उजव्यात हलकी रायफल. आणि एका खडकाला वळसा घालून मागे पाहतात तर अवघ्या आठ फुटांवर वाघीण बसलेली! एका हाताने, तसूतसूने, तिच्या नजरेसमोर ती रायफल त्यांनी वळवली आणि बार काढला. नंतर अंडी घरट्यात परत ठेवली. व्हेलन यांच्या कोणत्याही प्रकरणात हा नेम बसत नाही. ना पट्टा, ना कोपर, ना श्वास रोखणे. चांदमारीच्या पंचांनी तो बाद ठरवला असता. कॉर्बेटना आपली भीती लिहिता येत होती आणि त्या अंड्यांची काळजीही. व्हेलन यांच्या लेखणीला हे दोन्ही जड जाते. साहित्य म्हणून दोघांत निवड करायची तर मी क्षणभरही थांबणार नाही.

तरीही चौगडसारखा प्रसंग आयुष्यात एखाद्याच्याच वाट्याला येतो, आणि कॉर्बेटची नक्कल करणारे मात्र गावोगाव निपजतात. आपल्या शिकारकथांनी कॉर्बेटचे डोळे घेतले नाहीत, फक्त त्यांचे अंतर घेतले. आठ फुटांवरचा वाघ मराठीत फार झाला! त्या मंडळींनी व्हेलन यांचे एक प्रकरण जरी वाचले असते, तरी निम्म्या वाघांचे प्राण वाचले असते; कागदावरचे तरी.

एका ठिकाणी मात्र हा रुक्ष कर्नल सैल होतो. १९०१ च्या उन्हाळ्यात, विशीतला असताना, ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेकडच्या रानात तो एका जाणत्या सोबत्याबरोबर महिनोन् महिने हिंडला. लादलेले घोडे, मोजके सामान, आणि नकाशावर कोरी राहिलेली जागा. त्या भटकंतीविषयी तो लिहितो तेव्हा यार्ड मागे पडतात. डोंगरी मेंढ्यांचे कळप, संध्याकाळचे थंड वारे, आगीवरचे भांडे. शिकार येथे पोटासाठी आहे, आणि झाली की विषय संपतो. एक्क्याऐंशीव्या वर्षी, १९५८ मध्ये, ब्रॅडफर्ड अँजियर यांच्यासह त्यांनी रानात एकट्याने कसे राहावे यावर पुस्तक काढले, त्यातही हाच विशीतला मुलगा बोलतो आहे. 'मिस्टर रायफलमन' हे आत्मवृत्त त्यांच्या मृत्यूनंतर १९७० मध्ये, अँजियर यांच्याच हातून, प्रसिद्ध झाले. शिकारीच्या वाटेला न जाणाऱ्या वाचकाने सुरुवात करायची तर या शेवटच्या पुस्तकापासून करावी, आणि 'द अमेरिकन रायफल'च्या वाटेला तर कोष्टकांचे प्रेम असेल तरच जावे.

आपल्याकडे चांदमारी राहिली, रान गेले. कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत यांच्या रूपाने २०१० मध्ये म्यूनिकला जागतिक विजेती दिली, आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. दोघांचीही ही यशे पन्नास मीटरवरची. त्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ साडेदहा मिलिमीटरांचेही नाही. करंगळीच्या टोकाने ते झाकून जाईल. गुडघ्यावर, पालथे, उभे, अशा तीन स्थितींत तासन् तास तेच वर्तुळ शोधायचे. या मंडळींपैकी कोणी पुढे लेखणी हाती घेतली तर मराठीत एक नवे गद्य येईल अशी मला आशा आहे. त्यात वाघ नसेल. पण चाप ओढल्यावर, लक्ष्याकडे पाहण्यापूर्वी, माणूस स्वतःशी काय बोलतो, ते असेल. आणि ते मला अजून मराठीत कुठे वाचायला मिळालेले नाही.