लुप्त कंठ आणि त्याचा पाठ : ‘फारिनेल्ली’तील ध्वनिरूपांतर

एका ध्वनीचे दुसऱ्यात संगणकीय रूपांतर, म्हणजे मॉर्फिंग, हा निव्वळ तंत्राचा विषय मानला जातो. येथे त्याकडे पाठचिकित्सेच्या अंगाने पाहावयाचे आहे.

जेरार कोर्बियो यांच्या ‘फारिनेल्ली’ (१९९४) या चित्रपटाला असा कंठ हवा होता, जो आज कोणाच्याही गळ्यात नाही. फारिनेल्ली (१७०५–१७८२) हा कास्त्रातो गायक. बालपणीच वृषणच्छेद करून असे गायक घडविण्याची प्रथा पुढे लोपली. आलेस्सांद्रो मोरेस्की या कास्त्रातोची १९०२ व १९०४ मधील ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. पण ती प्रथेच्या अस्तकाळातील एकाकी साक्ष होय. तीवरून फारिनेल्ली सिद्ध होत नाही.

म्हणून पॅरिसच्या इर्काम संस्थेत डेरेक ली रेगिन हा काउंटरटेनर आणि एवा मालास-गोडलेव्स्का ही सोप्रानो यांच्या गायनातून एक आवाज घडविला गेला. दोन मुद्रणे एकमेकांवर चढविल्यास दोघे एकत्र गात आहेत, एवढेच ऐकू येते. येथे तसे केलेले नाही. स्वराची उंची तीच ठेवून त्यातील उपस्वरांचे बलाबल बदलले, की नादाची जात बदलते. या मार्गाने सोप्रानोचे स्वर काउंटरटेनरच्या आवाजाकडे वळविण्यात आले.

दोन प्रतींवरून लुप्त मूळाकडे जाण्याचाच हा खटाटोप नव्हे काय? भांडारकर संस्थेच्या महाभारताची संहितादेखील कोणत्याही एका पोथीशी तंतोतंत जुळत नाही. परंतु सुखठणकरांनी संपादिलेल्या आदिपर्वात (१९३३) जेथे पाठनिर्णय निःसंशय नाही, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे आणि तळाशी पाठभेद आहेत. मॉर्फिंगचे यश मात्र सांधा पुसण्यातच मोजले जाते. चित्रपटाकडून तळटीपांची अपेक्षा कोणी करू नये, हे खरे. तथापि हाच आवाज संगीताच्या इतिहासाचा पुरावा म्हणून ऐकला जाऊ लागला, की त्या रेघेचा अभाव जाणवतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न आधारप्रतीचा आहे. स्त्रीस्वर पुरुषस्वराकडे वळविला गेला, उलट नव्हे. ही निवड यंत्राची नाही; कास्त्रातो हा मूलतः पुरुषकंठच, हा संपादकीय निर्णय तीत आधीच झालेला आहे. दिशा उलटी असती, तर त्याच दोन गायकांतून वेगळा फारिनेल्ली ऐकू आला असता आणि तोही तितकाच अखंड वाटला असता.